कोंडाजींचा लहान मेंदू

"बरोबर हाय तुमचं," विमलाबाई म्हणाल्या, आणि कोंडाजींच्या काळजात धस्स झालं.

ते एवढंच म्हणाले होते, की भाजी खारट झालीय. एरवी या वाक्यावर दिंडोरीच्या घरात जेवण संपेपर्यंत जुंपली असती. आज विमलाबाईंनी मुकाट्याने वाटी उचलली आणि पदराने डोळे टिपले.

त्याचं असं झालं होतं. द्राक्षबागेत चालता चालता कोंडाजी भेलकांडून पडले, म्हणून मुलाने, नवनाथने, दोघांना नाशकात आपल्या इंदिरानगरच्या फ्लॅटवर आणलं. स्कॅन झाला. कोंडाजी आत शर्टाची बटणं लावत होते, तेव्हा डॉक्टर बाहेर नवनाथला म्हणाले, "लहान मेंदूला रक्त जरा कमी पोचतंय. तोल जाईल त्यांचा. सांभाळा." तेवढ्यात नवनाथला कंपनीतून साहेबाचा फोन आला, आणि तो संपेपर्यंत डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळले होते. जमेल तेवढा अर्थ काढून नवनाथने आईला स्वयंपाकघरात गाठलं.

"आई, आण्णांचा मेंदू लहान झालाय."

"आरं देवा! किती लहान?"

"ते नाही सांगितलं. पण तोल जाईल म्हणाले. आता त्यांच्याशी शब्दाने शब्द वाढवायचा नाही. ते म्हणतील ते खरं."

"त्यांचा तोल काय आजच जातोय व्हय?" विमलाबाई म्हणाल्या खऱ्या, पण पोळी तव्यावर करपली तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

त्या दिवसापासून घरात भयाण शांतता पसरली. मोरी चुकीच्या बाजूला आहे असं कोंडाजी म्हणाले, तर नवनाथ म्हणाला, "पाडून टाकू, आण्णा." बाग विकावी म्हणतो, असा त्यांनी खडा टाकून पाहिला. "तुमची मर्जी," मुलगा म्हणाला. वाद घालायला कोणी नसलं की माणूस फार एकटा पडतो. शेवटी कोंडाजींनी ठेवणीतला विषय काढला. लग्नात सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ बंदच निघालं, असं ते उभा जन्म सांगत आले होते. ते चालू होतं आणि नवऱ्यानेच कुठेतरी हरवलं, असं विमलाबाईंचं म्हणणं.

"तुज्या बापानं बंद घड्याळ गळ्यात मारलं," ते म्हणाले.

विमलाबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं. "बंदच व्हतं," त्या म्हणाल्या.

मग मात्र कोंडाजींची खात्रीच पटली, की आपण काही आता वाचत नाही. मरणाची त्यांना भीती वाटत होतीच, पण खोटं तोंडात घेऊन मरायची जास्त वाटली.

"विमल," ते म्हणाले, "घड्याळ चालू व्हतं. इहिरीत वाकलो तवा माज्याच खिशातून पडलं. तुज्या बापाचा काय बी दोष नाय."

विमलाबाई आतल्या खोलीकडे धावल्या. "नवनाथ, डोकं पार गेलं रं यांचं! कायबी बरळाय लागले!"

त्यांच्या मागे जायला कोंडाजी उठले, कलले आणि धरायला कोणीच नसल्याने दाणकन पडले.

डॉक्टरांनी कपाळावरचं टेंगूळ पाहिलं. "अहो, सांभाळा म्हणजे चालताना हात धरा!" त्यांनी टेबलावरचा प्लास्टिकचा मेंदू उचलला आणि मागचा, खालचा गड्डा दाखवला. "हा लहान मेंदू. सगळ्यांनाच असतो. चालताना शरीराचा तोल हा सांभाळतो. यांचा एवढाच बिघडलाय, तोही सुधारेल. हा वरचा मोठा मेंदू. विचार, बोलणं, आठवण सगळं इथं. तो ठणठणीत आहे."

नवनाथने सुटकेचा निःश्वास सोडला. विमलाबाई मात्र त्या प्लास्टिककडे टक लावून बघत होत्या.

"म्हंजी यांना जे आठवतंय ते खरं असंल?"

"अगदी खरं."

"पार लग्नातलं बी?"

"शंकाच नको, आजी."

कोंडाजी खुर्चीत पुढे सरकले. "डॉक्टर, मोठ्याचा फोटो परत एकदा काढता का? त्यात बी थोडं असंल कायतरी."

बाहेर पायऱ्यांशी विमलाबाईंनी त्यांचा हात झटकला आणि त्या पुढे निघाल्या. कोंडाजी डोलले. त्या मागे फिरल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत त्यांनी नवऱ्याचा हात घट्ट धरला.

"दुखतंय, विमल."

"दुखू द्या. माजा बाप मरस्तवर त्या घड्याळापायी मान खाली घालून बसला. तुमचा तोल मी सांभाळते. माजा गेला तर कोण धरतंय?"

कोंडाजी एक पायरी सावकाश उतरले.

"बरोबर हाय तुजं," ते म्हणाले, आणि आता विमलाबाईंच्या काळजात धस्स झालं.