बेहेरेबाई आणि आमचं रिकामं पोट

बेहेरेबाईंबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. दिल्लीत आर. के. पुरममध्ये त्या आमच्या वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. नमस्कार राहिला बाजूला, आधी समोरच्याचे डोळे तपासायच्या. "कुलकर्णी, वर बघा पाहू!" जिन्यात, भाजीवाल्यासमोर, कुठेही.

त्यांचे स्वतःचे डोळे थायरॉइडच्या आजाराने पुढे आले होते. या आजारात शरीर आपल्याच थायरॉइडवर उलटतं आणि काहींच्या डोळ्यांमागेही सूज येते. ती काहींनाच का, हे संशोधक असलेल्या बाई प्रयोगशाळेत रुग्णांच्या रक्तातली साखर, चरबी, आम्लं मोजून शोधत. "पण ही साखर आजाराचं कारण, की नुसती साक्षीदार?" हा त्यांचा लाडका प्रश्न. एकदा वीज गेली आणि मी मीटरपाशी उभा होतो, तर मलाच, "कुलकर्णी, तुम्ही कारण की नुसते साक्षीदार?"

तुलनेसाठी त्यांना निरोगी माणसांचं, उपाशीपोटी काढलेलं रक्त हवं होतं. आमच्या महाराष्ट्र मंडळाचा सेक्रेटरी मी.

"संकष्टीला सकाळी घ्या ना. सगळे आयते उपाशी!" मीच सुचवलं.

"रात्रीपासून फक्त पाणी हं. चहासुद्धा नको."

"बिल्कुल!"

त्या सकाळी देशपांडेवहिनींकडे साबुदाण्याची खिचडी होती. तूप सढळ, दाण्याचं कूट त्याहून सढळ. उपासाची खिचडी कोण खाण्यात धरतं? बशा पुसून आम्ही बाईंसमोर बाह्या वर केल्या.

"काही खाल्लं नाही ना?"

"छे, संकष्टी आहे!" मीच सगळ्यांच्या वतीने सांगितलं.

रक्त काढून झाल्यावर त्यांनी प्रत्येकाच्या हातात केळं ठेवलं. "बिचारे, उपाशी आलात."

काही महिन्यांनी त्या आमच्याकडे येऊन बसल्या. शेजाऱ्यांच्या रक्तातही साखर आणि चरबी चढलेली; रुग्ण कोण, निरोगी कोण, कळेना.

"पद्धत माझीच कच्ची, कुलकर्णी. वाटलं होतं, डोळे पुढे येण्याआधीच रक्तात काही खूण सापडेल. एखादी पोर तरी आरशाला भिणार नाही."

त्यांच्या घरात आरसा नव्हता, हे मला तेव्हा जाणवलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी चहा ढवळत राहिलो. बोललो असतो, तर नमुने पुन्हा घेता आले असते. वरिष्ठांनी ते काम बंद केलं.

निवृत्तीनंतर त्या पुण्याला निघाल्या. निजामुद्दीन स्टेशनवर मी त्यांची बॅग गाडीत चढवली.

"काय ते बोला, कुलकर्णी, गाडी सुटतेय."

"पोचल्यावर फोन करा," मी म्हणालो.

फोन आला. मी दिल्लीच्या थंडीबद्दल बोललो. यंदा त्या गेल्या. पाठ केलेलं वाक्य अजून माझ्यापाशीच आहे: बाई, तुमची पद्धत बरोबर होती, आम्ही खाऊन आलो होतो, माफ करा.