पक्क्या रंगाचा चहा

त्या दिवशी हवा अशी होती, की रंगाऱ्यानं ती मागून घ्यावी. कोरडं खणखणीत ऊन, वर अंगाला लागेल न लागेल असा वारा. दोरीवर टाकलेलं कापड चिमटा लावेपर्यंत वाळून जात होतं. अशा दिवशी रंगाऱ्यानं हंडे चढवावेत, कापड बुडवावं आणि दुसऱ्या कुठल्या भानगडीत पडू नये. पण आमच्या गल्लीतल्या रंगारीबुवांकडे नेमके त्याच दिवशी जावई आले, आणि येताना ग्रीन टीचा डबा घेऊन आले.

रंगारीबुवांचं आयुष्य रंगाच्या हंड्यांपुढंच गेलेलं. हात कोपरापर्यंत कधी निळे, कधी काळे, कधी कुठल्याच नावाचे नाहीत असे. शाळेशी त्यांचा संबंध एवढाच, की पोरांचे गणवेश रंगवून दिले होते (ते मात्र फाटले तरी विटले नाहीत). माणूस सरळ, सावकाश, आणि एकदा एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती बाहेर यायला वाट नाही, असा.

जावई औषधांच्या दुकानात कामाला होते. त्यामुळं कुठलीही वस्तू हातात दिली, की तिचे गुण ऐकवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांनी सांगितलं, की माणसाच्या शरीराला आतून जणू गंज चढत असतो, आणि ह्या चहात जे अँटिऑक्सिडंट असतात ते त्या गंजाला आवर घालतात. इथवर रंगारीबुवा समाधानानं मान हलवत होते. पण जावई पडले प्रामाणिक. त्यांनी पुढचंही सांगून टाकलं. चहात हा माल भरपूर असला तरी आतडं त्यातला थोडासाच आत घेतं. घेतलेल्याचंही यकृतात रूप पालटतं. उरलेलं खाली आतड्यातले जंतू फोडून टाकतात, आणि रक्तात जे काही पोचतं, तेही फार वेळ टिकत नाही, लघवीवाटे निघून जातं.

रंगारीबुवांचा चेहरा उतरला.

“म्हणजे सगळा रंग नाल्यात?” ते म्हणाले.

“बराचसा,” जावई म्हणाले.

“जावईबापू, ह्याला आमच्या धंद्यात कच्चा रंग म्हणतात.”

हे त्यांना फार लागलं. त्यांच्या हंड्यातलं कापड खळबळलं की पाणी इतकं स्वच्छ निघायचं, की गल्लीतली मांजरं ते पीत (असं ते स्वतःच सांगत, मांजरांना कुणी विचारलं नव्हतं). आणि इथं त्यांच्या स्वतःच्या पोटातून चांगला माल वाहून जाणार! त्यांनी त्याच दिवशी ठरवलं, की हा चहा शरीरावर पक्का चढवायचा. साधं काम. आयुष्यभर दुसरं काय केलं होतं?

जावई खरं तर चहासाठी आलेच नव्हते. रंगारीबुवांच्या लेकीला दिवस गेले होते, पहिलीच खेप होती, आणि बाळंतपणाला आईनं यावं म्हणून बोलावणं घेऊन ते आले होते. रंगारीणबाईंनी बोलावणं येण्याआधीच ट्रंक भरून ठेवली होती. पण त्यांना अलीकडे चार पावलं चाललं तरी धाप लागायची, म्हणून निघण्याआधी डॉक्टरबाईंना दाखवलं. डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, की रक्त वाढल्याशिवाय प्रवासाचं नाव काढायचं नाही. बाळंतिणीचं करायला गेलात आणि तिथं तुम्हीच आडव्या झालात, तर लेकीनं कुणाकुणाकडं बघायचं?

जावई हात हलवत परत गेले. ट्रंक खोलीच्या मधोमध राहिली. येणारा-जाणारा तिला ठेचाळायचा, आणि बाई म्हणायच्या, “असू दे तिथंच. मी जाणार आहे.”

इकडं रंगारीबुवांचे प्रयोग सुरू झाले. कापड स्वच्छ असलं की रंग धरतं, म्हणून त्यांनी उपाशीपोटी कडक चहा ढोसला. पोटात असं ढवळलं, की सकाळभर भिंत धरून हिंडले. मग त्यांना आठवलं, की काही काही रंगाला आंबट लागतं, म्हणून त्यात लिंबू पिळलं. ह्यावर जावयांनी फोनवरून शाबासकी दिली, लिंबानं खरंच जास्त माल टिकतो म्हणाले. त्या शाबासकीनं घात केला. रंगारीबुवांना वाटलं, आपल्याला हे शास्त्र येतं.

आणि एका सकाळी बायको गोळी गिळत होती ते बघताना त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही रोज लोखंड गिळते. लोखंड घरात आणलं की पहिली भीती कशाची? गंजाची. आणि गंजावरचा इलाज तर डब्यात भरून ठेवलाय. मग गोळी एकटी का जाऊ द्यायची? बरोबर चहा धाडावा, म्हणजे लोखंड आत जाईल ते ताजं राहील. हे त्यांनी कुणाला विचारलं नाही. भांड्यावर झाकण ठेवावं का, हे कुणी कुणाला विचारतं का?

तेव्हापासून रोज सकाळी ते एका हातात गोळी आणि दुसऱ्या हातात वाफाळता कप घेऊन बायकोपुढं उभे राहू लागले. सबंध संसारात ह्या माणसानं तिला पाण्याचा पेला भरून दिला नव्हता. बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी ते गल्लीभर सांगितलं. शेजारच्या शिंप्याच्या बायकोनं नवऱ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की शिंपी दोन दिवस रंगारीबुवांशी बोलला नाही.

पुढच्या वेळी रक्त तपासलं, तर ते जागचं हललं नव्हतं. डॉक्टरबाईंनी गोळी दोनदा घ्यायला सांगितली. रंगारीबुवांनी चहा दोनदा केला, शिवाय पत्ती वाढवली. पुन्हा तपासलं, तर रक्त आणखी जरा खालीच. डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, की गोळ्या खरोखर घेता, का उशीखाली ठेवता?

बाईंना हे फार झोंबलं. “माझे हे स्वतःच्या हातानं देतात,” त्या म्हणाल्या.

रंगारीबुवा मागं उभे होते. त्यांनी नम्रपणानं मान लववली.

तिकडं लेकीचे दिवस भरत आले. ती फोनवर आधी रागवायची, मग रडायची, आणि शेवटी आईनंच काळजी घ्यावी म्हणून सांगायची. फोन ठेवला, की बाई ट्रंकेवर जाऊन बसायच्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहायच्या. ते बघून रंगारीबुवा उठून आणखी एक कप करायचे.

डॉक्टरबाईंनी आता दुसरी, मोठी गोळी दिली. ती बाईंच्या घशात अडकायची, म्हणून त्यांनी एके दिवशी मोडून अर्धी केली. एक तुकडा बोटातून निसटला आणि थेट चहात पडला. त्या चमच्यानं काढायला गेल्या, तो गोळीचा भुगा झाला आणि फिकट हिरवा चहा राखाडी झाला. बघता बघता जांभळट झाला. आणि मग काळाकुट्ट.

दोघं कपावर वाकून बघत राहिले. रंगारीबुवांनी तो रंग लगेच ओळखला. न ओळखायला झालंय काय? तुरट सालीचं पाणी घ्यायचं, त्यात जुन्या खिळ्यांचं पाणी ओतायचं, की हा काळा तयार. एकदा का दोघांनी एकमेकांना धरलं, की मग धुवा, घासा, सुटायचं नाव नाही. ह्याच काळ्यावर त्यांनी घर बांधलं होतं. आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं,

“वा. काय सुरेख उतरलाय.”

बाईंनी मान वर केली.

“अहो, हे तुम्हाला ठाऊक होतं?”

“मला नाही तर कुणाला? हा काळा माझ्यासारखा गल्लीत…” इथं त्यांची जीभ अडखळली.

“म्हणजे ठाऊक होतं.”

“अगं, कापडाचं ठाऊक होतं. पोटाचं मला कुठलं कळायला?”

बाईंनी कप दूर सारला. मग हळूच म्हणाल्या, “मी गेले की चूल कोण पेटवणार, म्हणून ना? जाऊ द्यायचं नव्हतं तर तोंडानं सांगायचं. माझं लोखंड कशाला बांधून घातलंत?”

रंगारीबुवांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली. पण गोष्ट अंगाशी येईल अशीच होती. घरात मीठ कुठं असतं हे त्यांना माहीत नव्हतं. मागं बाई दोन दिवस बहिणीकडं गेल्या, तेव्हा त्यांनी बटाटे नुसतेच धुऊन खाल्ले होते. बाळंतपणाचं ठरलं तेव्हा त्यांच्या तोंडून एक उसासाही निघाला होता, आणि बाईंनी तो ऐकला होता. शिवाय ती गेली तर करमणार नाही, हे तर खरंच होतं. पण म्हणून कुणी बायकोच्या रक्तावर उठतं का?

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकलं आणि आधी पोटभर हसून घेतलं. मग समजावून सांगितलं. चहातला जो गुणाचा माल, तोच लोहाचा हात धरतो. पोटातच दोघांची गाठ बसते, आणि गाठोडं तसंच खाली निघून जातं. चहा चांगला आहे, गोळीही चांगली आहे, फक्त दोघांची भेट होऊ द्यायची नाही. चहा गोळीच्या आधी किंवा नंतर, पण चांगला दोन तास लांब. गोळीबरोबर लिंबूपाणी घ्या.

“म्हणजे इतके दिवस दोन्ही नाल्यात?” रंगारीबुवांनी खोल आवाजात विचारलं.

“दोन्ही,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून रंगारीबुवांनी आपलं निर्दोषपण हातानं सिद्ध करायला घेतलं. बायको गेली तर आपलं काही अडत नाही, हे दिसलं म्हणजे झालं. त्यांनी चूल पेटवली. रंग ढवळायच्या काठीनं भात ढवळला. पहिल्या दिवशी तो खाली करपला, वर कच्चा राहिला आणि मधे निळसर झाला. बाई ट्रंकेवर बसून नुसतं सांगायच्या, मीठ घाला, आच कमी करा, आता भांडी. आणि जेवण झालं, की रंगारीबुवा हात पुसत विचारायचे,

“आता तरी पटलं का, मी मुद्दाम नाही केलं ते?”

“बघू,” बाई म्हणायच्या, आणि लिंबूपाणी मागायच्या.

रक्त चढायला लागलं. धाप कमी झाली, गालांवर तेज आलं. रंगारीबुवांना आमटीभात जमू लागला, तरी “बघू” काही संपेना. अखेर डॉक्टरबाईंनी परवानगी दिली, आणि ती अगदी वेळेवर दिली. लेकीला अजून कळा सुरू व्हायच्या होत्या.

ट्रंक उचलायला शिंपी आला. दोघांनी ती बसवर चढवली. रंगारीबुवा खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि शेवटचं विचारून घेतलं, पटलं का म्हणून. बाईंनी खिडकीतून त्यांची कॉलर सारखी केली, वेळेवर जेवा म्हणाल्या, आणि बस सुटली.

परत येताना गल्लीच्या तोंडाशी रंगारीबुवांना राहवलं नाही. जन्मात गिऱ्हाइकाला कच्चा रंग विकला नाही, आणि आज बायकोच आपल्याला कपटी समजून गेली, असं म्हणून त्यांनी डोळे पुसले.

शिंपी थांबला. त्यानं रंगारीबुवांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्या मायेनं म्हणाला, “अरे, रडतोस काय वेड्या? वहिनी पहिल्या दिवसापासून आमच्या हिला सांगतायत, की ह्यांनी मुद्दाम केलं असं मला एकदाही वाटलं नाही. मुद्दाम करायला डोकं लागतं.”