नऊ हातांची चवरी

"नऊ! स्वतःच्या नांगीनं मोजलेत, शास्त्रीबुवा!"

"पिसचांदणीचे हात पाचाच्या पाढ्यात असतात, आजीबाई. नऊ येतीलच कसे?"

"पाढा तुम्ही पाठ केलात. तिनं नाही."

तर बाळांनो, एका जंगलात हे भांडण सकाळपासून पेटलं होतं. जंगल पोवळ्यांचं, समुद्राच्या बुडाशी. भांडत होती कुरलीआजी, म्हणजे खेकडीण. ती शाळेत गेली नव्हती. शाळेची वाट सरळ होती आणि आजी तिरकी चालायची. जे शिकली ते स्वतःच, आणि हे ती रोज सगळ्यांना ऐकवायची. समोर पापलेटशास्त्री. बाजूनं पाहिलं तर केवढे विद्वान. समोरून पाहिलं तर दिसायचेच नाहीत.

मधे बसली होती चवरी, पिसचांदणी. दिसायला फूल, पण जनावर. पिसांसारखे हात, बुडाशी खडक धरायला बारीक आकडे. तोंड वर, आणि त्याच्या शेजारीच मागचं दार.

"डोकं कुठंय हिचं?" शास्त्रीबुवांनी विचारलं.

"नाही. त्यावाचून अडत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे."

"आणि तोंडाशेजारी मागचं दार? शी!"

"तुम्ही तर एकाच दारावर भागवता."

जंगलाचा कायदा असा: ज्याचं कूळ जुनं, त्याला उंच खडक. तिथं प्रवाह वाहतो. हात पसरले की घास आयता तोंडात. दहाहातींना असा खडक होता. नऊ हात म्हणजे नवं कूळ, आणि नव्या कुळानं मात्र गाळात बसायचं. गाळात पिसचांदणी उपाशी मरते. पण नव्या कुळाला शोधणारीचं नाव मिळतं. 'कुरलिका'! आजीच्या डोळ्यांपुढे ती पाटी तरंगत होती. आजीचे डोळे देठांवर, त्यामुळे पाटीही जरा उंचच.

"आजी, मला गाळात नका ना पाठवू," चवरी म्हणाली.

"गप गं. नाव अमर होतंय."

"तुमचं."

"पुन्हा मोजा बघू," शास्त्रीबुवा म्हणाले.

"मोजते की! घाबरते का काय?"

आता, गोल जनावर मोजायचं तर सुरुवात कुठून केली ते विसरायला होतं. आजीनं त्यावर स्वतःची रीत काढली होती. खूण म्हणून एक हात नांगीत घट्ट धरायचा आणि भोवती गरगर फिरत अंगावरचे सगळे मोजत पुन्हा खुणेपाशी यायचं. तसाच तिनं धरला. टक् असा आवाज झाला. आजी फिरून आली.

"आठ," ती म्हणाली. आणि थांबली.

"आजी," चवरी हळूच म्हणाली, "आम्हाला कुणी घट्ट धरलं की आम्ही तो हात सोडून देतो. मघाशीही तेच झालं. तुम्ही यायच्या आधी दहा होते."

आजीनं नांगीकडे पाहिलं. तुटका हात अजून वळवळत होता. 'कुरलिका'ची पाटी डोळ्यांपुढून सावकाश खाली बसली, गाळात. शास्त्रीबुवा हसायला तोंड उघडणार, एवढ्यात आजी गरजली:

"हसू नका, तिचे हात पुन्हा उगवतील, माझ्या अकलेचं सांगता येत नाही, तेव्हा आधी तिला खडकावर बसवा!"

तात्पर्य: स्वतः मोजून पाहिल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवू नये. आणि कुणी आपल्याला मोजायला आलं, तर ती म्हातारी कितीही शहाणी असो, आधी पळावं.