ऐंशीला थांबणारे गायकवाडसाहेब

दोन हजार चोवीस साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. लग्नाच्या पंगतीत ‘ऐंशी झाले’ म्हणून जिलबीवर हात आडवा धरणारा माणूस तोवर मी पाहिला नव्हता. हे गायकवाडसाहेब, कोथरूडच्या सोसायटीतले माझे शेजारी, सरकारी कचेरीतून निवृत्त. गच्चीवर सोलर, घरात लिथियमची बॅटरी. ती ऐंशी टक्क्यांवर भरायची नाही, विसाखाली उतरू द्यायची नाही. तोच नियम पोटाला. इस्त्री, मिक्सर, धुण्याचं मशीन, सगळं दुपारच्या फुकट उन्हात. संध्याकाळी वाटीभर चटणी मागितली तर म्हणायचे, “अहो, आत्ता सूर्य आहे का?”

आमचं पटायचं नाही. मी तिसरी नापास, पण बसच्या डेपोत तीस वर्षं बॅटऱ्या सांभाळल्या. तिथं बॅटरी भरलेलीच ठेवायची, नाहीतर मेली. साहेब म्हणत, “तुमची ती जुनी, शिशाची. हिचा स्वभाव वेगळा.” पंधरा वर्षं टिकवणार म्हणायचे. मी विचारायचो, वर जाताना बरोबर नेणार का? ते बॅटरीचा आकडा बघायला आत जायचे.

जूनमध्ये त्यांना मित्राच्या अंत्यविधीला कात्रजला जावं लागलं. घरी धाकटी बहीण कुसुमताई, वय पंचावन्न, समज पाच वर्षांच्या पोरीची. किल्ली माझ्याकडे दिली आणि बजावलं, लाइट गेली तर एक दिवा, एक पंखा, बस्स.

दुपारी आभाळ भरून आलं आणि लाइट गेली. म्हटलं, बॅटरी वापरायला असते, पुजायला नाही. टीव्ही लावला, सगळे पंखे लावले, कुसुमताईंच्या चहासाठी विजेची शेगडीही. दिवस मावळताना विसावर आल्यावर बॅटरीनं आपोआप हात वर केले. घरात अंधार होताच कुसुमताई किंचाळल्या आणि मोरीचं दार लावून बसल्या. मी मोबाइलचा उजेड दाखवला, तर मलाच भ्यायल्या. साहेब येईपर्यंत पाऊण तास मी त्या दाराबाहेर उभा.

साहेब आले. त्यांच्या आवाजानं दार उघडलं. बहिणीशेजारी ओल्या फरशीवर तसेच बसले. ती त्यांच्या सदऱ्याला धरून होती. मला लागट एक शब्द बोलले नाहीत. ती शांत झाल्यावर हळू म्हणाले, “मी अठ्ठ्याहत्तरचा. ही बॅटरी माझ्यामागे टिकायला हवी. कुसुमला अंधार सोसत नाही.”

मी जन्मात कुणाला काही शिकवा म्हटलं नव्हतं, मास्तरांनाही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन त्यांची बेल वाजवली.

“मी सात वर्षांनी धाकटा आहे,” म्हणालो. “बॅटरी सांभाळायला शिकवा.”