जीप फक्त शस्त्रक्रियेसाठी

आमच्या आरोग्य केंद्राची जीप बाळंतिणीसाठी नव्हती. तसा लेखी आदेश होता: वाहन फक्त कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेसाठी. कारकून या नात्याने तो फाईलला मीच लावला होता आणि त्याचा मला अभिमान होता.

एक एप्रिलच्या सकाळी डोंगरावरच्या पाड्यातला धर्मा धापा टाकत आला. "भागू अडलीय साहेब. पोर आडवा हाय. सुईन बोलली, माझ्यानं नाय होनार. जीप द्या."

"बाळंतिणीनं केंद्रात स्वतः हजर व्हायचं असतं."

"ती उठत नाय."

"मग झोळीतून आण."

"झोळीला चार गडी लागतात. सगले खाली गिरीज गावात, हरेश्वरभाऊंच्या वाडीत केलीचे घड तोडतात."

आमच्या नर्स कॅथरिनबाई हळूच त्याला म्हणाल्या, "बायकोचं नाव ऑपरेशनला दे रे बाबा. जीप आत्ता सुटेल."

धर्माने अंगठा उठवला, जीप सुटली. भागूबाई केंद्रात पोचली, कॅथरिनबाईंनी पोर फिरवून काढलं, मायलेकी सुखरूप.

पंचाईत झाली ती माझी. डिझेल शस्त्रक्रियेच्या नावावर जळलेलं आणि अंगात रक्त नाही म्हणून कॅथरिनबाई भागूबाईला सुरी लावू देईनात. त्यात नुकत्याच सरलेल्या आर्थिक वर्षाच्या उद्दिष्टाला एक केस कमी पडत होती. मी सगळं एका ओळीत मार्गी लावलं: भागूबाईची शस्त्रक्रिया झाली, दिनांक ३१ मार्च. आता आदल्या दिवशी शस्त्रक्रिया झालेली बाई दुसऱ्या दिवशी बाळंत कशी होईल? म्हणून पोरीचा जन्म नोंदवला नाही. असला आचरटपणा मी सरकारी दप्तरात खपवून घेत नाही.

तीन वर्षांनी धर्मा पुन्हा दारात उभा. कॅथरिनबाईंची तोवर बदली झाली होती.

"परत आडवा हाय साहेब. या खेपेला पन ऑपरेशनला नाव लिवा."

हुशार झाला होता लेकाचा. मी रजिस्टर उघडून दाखवलं. "शस्त्रक्रिया झालीय तिची. तिला दिवस जाऊच शकत नाहीत."

"मंग तिच्या पोटात काय हाय?"

"आमच्या दप्तरी काही नाही."

तो गिरीजला चार गडी मागायला पळाला. हरेश्वरभाऊ माणूस दयाळू. म्हणाले, केळ्यांचा ट्रक भरला की लगेच सोडतो. झोळी केंद्रात आली तेव्हा ऊन उतरलं होतं आणि भागूबाई संपली होती. वाईट मलाही वाटलं. मृत्यूची नोंद मात्र तिथल्या तिथे केली. कारण 'ताप' लिहिलं, बाळंतपण लिहायची सोयच नव्हती.

बाळंतपणात एकही माता न दगावल्याबद्दल त्या वर्षी केंद्राला ढाल मिळाली. हरेश्वरभाऊंची केळीही शहरात वेळेवर पोचली. तुमच्याच घरच्या सत्यनारायणाला गेली ती. प्रसाद छान झाला होता, तुम्हीच म्हणालात.