मुदत नसलेला हंस

ताईच्या हातून आजवर एकही कूपन वाया गेलं नव्हतं! हे ती दूधवाल्याला सांगायची, शेजारणीला सांगायची आणि दातांच्या डॉक्टरांनाही सांगायची, तेसुद्धा तोंडात अवजारं असताना! घरात कुत्रा नव्हता, तरी न्हाणीघरात कुत्र्याचा साबण होता, कारण तो एकावर एक फुकट मिळाला होता. एकदा घाईत नवऱ्याने तोच अंगाला लावला. त्या दिवशी रस्त्यातली सगळी कुत्री त्याला ऑफिसपर्यंत पोचवायला गेली, असं लेक सांगते. ताई म्हणते, "मग? केस चमकले की नाही?"

कूपनाच्या बाबतीत तिचं एकच तत्त्व होतं. ते शेवटच्या दिवशी वापरायचं. आधी वापरलं तर मुदतीचे उरलेले दिवस दुकानदाराला फुकट मिळतात!

त्यामुळे रद्दीतल्या एका वर्तमानपत्रातून 'कुटुंबाचा फोटो निम्म्या दरात' असं कूपन टपकन तिच्या मांडीवर पडलं, तेव्हा तिला आभाळातून कोणीतरी हाक मारल्यासारखं वाटलं. आठवडाअखेर धाकटा भाऊ येऊन बाबांना आपल्याकडे कायमचं घेऊन जाणार होता. इथल्या जिन्याला बाबांचे गुडघे वैतागले होते आणि भावाचं घर तळमजल्यावर होतं. ठरलं होतं, पटलंही होतं. पण घरात बाबांसोबतचा सगळ्यांचा असा एकही फोटो नव्हता!

आणि ही गंमतच होती. कारण बाबा आयुष्यभर फोटो स्टुडिओंचे पडदे रंगवायचे. डोंगर, तळं, तळ्यात हंस. अर्ध्या गावाची लग्नं बाबांच्या तळ्याकाठी उभी राहिली. खुद्द बाबांचं कुटुंब मात्र पडद्यासमोर कधी आलंच नाही. ते कायम पडद्यामागे, टर्पेंटाइनच्या वासात, डबे धरून उभं.

"आई, मोबाइलवर काढूया ना," लेक म्हणाली.

"मोबाइलमधला फोटो भिंतीला कसा टांगायचा? चार्जरसकट?"

कूपनावर मुदत मुंगीच्या पिल्लांएवढ्या अक्षरांत छापली होती. ताईकडे चष्मा होता, पण तो लावला की आपण शाळेतल्या मुख्याध्यापिकेसारख्या दिसतो असं तिचं मत. तिने कूपन नवऱ्याच्या नाकासमोर धरलं. नवरा एका छापखान्यात मुद्रितशोधक होता. दिवसभर दुसऱ्यांचे शब्द तपासून यायचा आणि घरी आला की स्वतःचे जपून वापरायचा. त्या वेळी तो शब्दकोड्यात मानेपर्यंत बुडालेला होता.

"अहो, याची मुदत कधी?"

"परवा."

"परवा शेवटचा दिवस ना?"

"हो."

संपलं! ताईने लगेच मोहीम आखली. नवऱ्याचा लग्नातला कोट बाहेर निघाला. त्याच्या शिवणी उसवून जेवढं कापड बाहेर येईल तेवढं काढलं, तरी बटणं काजांकडे लांबून बघत राहिली. "श्वास सोडून उभं राहायचं," ताईने बजावलं. "फोटो निघाला की घ्या!" बाबांची दाढी झाली. लेकीला परीक्षेच्या अभ्यासातून उठवलं. आणि परवाच्या दिवशी सगळी वरात स्टुडिओत पोचली.

फोटोवाल्याने कूपन उजेडात धरलं. मग त्याने ते अशा हळुवारपणे टेबलावर ठेवलं, की जणू त्यात एखादं पाखरू मरून पडलं होतं.

"ताई, याची मुदत संपली."

"अहो, आज शेवटचा दिवस आहे!"

"शेवटचा दिवस रविवारी होता. आज गुरुवार."

ताई हळूच नवऱ्याकडे वळली. नवरा श्वास सोडून उभा होता, त्यामुळे त्याला बोलायला वेळ लागला.

"मी मंगळवारी सांगितलं ना, परवा. म्हणजे मागचा परवा."

"मागचा? मग 'होऊन गेला' म्हणायला काय झालं होतं?"

"तू विचारलंस, 'शेवटचा दिवस ना?' शेवटचाच होता."

लेक खुर्चीवर बसून पोट धरून हसू लागली. ताईने मात्र पदर... नाही, पदराला पिना होत्या, म्हणून पर्स खोचली! हो, पर्सच, काखेत. आणि तिने फोटोवाल्याकडे मोर्चा वळवला.

"मला एक सांगा, ही मुदत घालता तरी कशाला? दूध नासतं म्हणून दुधाला मुदत. औषधाला मुदत. तुमचा निम्मा दर काय नासतो? रविवारी गोड आणि सोमवारी आंबट?"

"ताई, धंद्याचे नियम असतात."

"नियम नाही, शब्द! शब्द दिला म्हणजे दिला. शब्दाला कसली आली मुदत? आमच्या बाबांनी कधी मुदत घातली नाही!"

फोटोवाल्याने इतका वेळ बाबांकडे नीट पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं आणि तो उभाच राहिला.

"काका, तुम्ही? पडदेवाले काका?"

बाबा ओशाळून हसले. फोटोवाला तडक आत गेला आणि खांद्यावर एक लांबलचक गुंडाळी घेऊन आला. त्याने ती भिंतीवरून सोडली. धुळीचा लोट उठला आणि तळं खाली उतरलं. तेच डोंगर, तेच निळं पाणी! फक्त हंसाचे पोपडे उडून गेले होते. पाण्यावर नुसती एक शेपटी तरंगत होती.

"माझ्या वडिलांच्या वेळचा पडदा. मी टाकला नाही," फोटोवाला म्हणाला आणि त्याने पडद्याची कड उलटली. मागे बाबांचं वळणदार अक्षर होतं: 'रंग उडाल्यास पुन्हा फुकट रंगवून देईन. मुदत नाही.'

लेकीने ते मोठ्याने वाचून दाखवलं.

"शब्द दिला म्हणजे दिला, नाही का ताई?" फोटोवाला गोड हसला. "आधी तुमचा पाळा. मग मी माझा पाळतो."

बाबांनी कित्येक वर्षांत ब्रश धरला नव्हता. हात असा थरथरायचा, की चहा कपापेक्षा बशीतच जास्त जायचा. "अहो, त्यांचं वय..." तिने सुरुवात केली. पण बाबा सदऱ्याच्या बाह्या वर सारत होते!

"रंग कुठला आहे?" त्यांनी विचारलं. आवाजच बदलला होता.

"दारांचा ऑइलपेंट आहे. पांढरा आणि निळा."

"बास की! ताई, डबा धर."

आणि चांगल्या साडीतली, कानातलं घातलेली ताई परत डबा धरून उभी राहिली. तोच वास. लहानपणी ती अशीच उभी असायची आणि बाबा ब्रश बुडवता बुडवता तिला विचारायचे, "कसा दिसतो गं हंस?" हंस दोघांनीही कधी पाहिला नव्हता. मग बाबांनी एक दिवस स्वयंपाकघरातून आईची किटली आणून समोर ठेवली होती. तिची तोटी म्हणजे मान, पोट म्हणजे पोट! अर्ध्या गावाने त्या किटलीसमोर उभं राहून लग्नाचे फोटो काढले आणि सगळे म्हणाले, वा, काय हंस आहे!

आता आईही नव्हती आणि किटलीही नव्हती. पण बाबांचा हात काही विसरला नव्हता. तो थरथरत होता, त्यामुळे पाण्यावरचे तरंग तर फारच झकास उमटले. मानेने मात्र तीन वळणं घेतली. बाबा मागे सरकून बघत राहिले.

"काहीतरी राहिलंय," ते म्हणाले.

"डोळा?" लेक म्हणाली.

"टोपण," बाबा म्हणाले आणि हंसाच्या पाठीवर त्यांनी एक छोटंसं टोपण काढलं. मुठीसकट! "तुझ्या आईच्या किटलीला होतं."

ताईने डबा उगाचच दुसऱ्या हातात घेतला.

"चला चला, उभे राहा!" फोटोवाल्याने दिवे लावले. "काका मध्ये. ताई इकडे. साहेब, जरा मागे. अजून थोडे. अजून..."

नवरा आज्ञाधारक माणूस. आपण कुठे चाललोय हे मागे वळून बघावं, तर कोटाची बटणं तुटतील. तो सरकत राहिला. मग हलकाच 'चप्' असा आवाज आला.

"बस्स!" फोटोवाला म्हणाला. "आता हसा..." आणि त्याने कॅमेऱ्यातून डोकं वर काढलं. "अहो, हंस कुठे गेला?"

सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. पाण्यावर परत नुसती शेपटी!

"हंस कुठे गेला?" ताई ओरडली.

नवऱ्याने शब्द वाचवत सांगितलं, "मागे."

तो वळला. लग्नातल्या काळ्या कोटावर, खांद्यापासून कमरेपर्यंत, तीन वळणांची मान घेऊन, टोपणासकट, आईची किटली ऐटीत बसली होती! बाबांनी ब्रश तिच्याकडे रोखला आणि ते हसू लागले. असे हसले, की ताईने त्यांना आईच्या पश्चात तसं हसताना पाहिलंच नव्हतं. लेक खाली बसली. ताईच्या हातातला डबा कलंडला. नवऱ्याने श्वास घेतला आणि बटणं फटाफट उडाली. आणि त्याच क्षणी फोटोवाल्याने कळ दाबली!

फोटो भिंतीवर आहे. त्यात नवऱ्याचं तोंड नाही, नुसती पाठ आहे. पाहुणे विचारतात, हे कोण? ताई सांगते, हे आमचे हे. आणि त्यांच्या पाठीवर आमची आई.

दोन दिवसांनी भाऊ येऊन बाबांना घेऊन गेला. घर फार स्वच्छ दिसू लागलं, म्हणजे वाईट दिसू लागलं. ताईने कोट लॉन्ड्रीत नेला. लॉन्ड्रीवाला म्हणाला, "ऑइलपेंट आहे, निघायचा नाही. हे कूपन घ्या, पुढच्या कोटाला निम्मा दर."

"मुदत कधी?"

"परवा."

"पुढचा की मागचा?" ताईने विचारलं. लॉन्ड्रीवाल्याने तिच्याकडे जरा काळजीनेच पाहिलं.

रात्री बाबांचा फोन आला. तळमजला छान आहे, गुडघे खूश आहेत, असं सगळं झालं. मग त्यांनी हळूच विचारलं, "कोटावरचा हंस कसा आहे?"

"ठणठणीत आहे, बाबा."

"रंग उडाला तर कळव. येऊन रंगवून देईन. मुदत नाही."

तेव्हापासून ताई रोज दुपारी कोट घेऊन बसते. साबण लावून झाला, टर्पेंटाइन लावून झालं. कुत्र्याचा साबणसुद्धा लावला! दोन्ही वड्या संपल्या.

मेला हंस उडायचं नाव घेत नाही!