सबनीस साहेबांचा गंधार

आमच्या कॉम्प्युटर रूममध्ये शिरायचं म्हणजे आधी चपला काढायच्या आणि मग दारातच उभं राहून एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं. "काय ऐकू येतंय? खरं सांगा." विचारणारे सबनीस साहेब. तुम्ही शिपाई असा नाहीतर मॅनेजर, सुटका नाही.

"एसी," म्हटलं की "आणि?" "पंखा" म्हटलं की पुन्हा "आणि?" एकदा अकाउंट्समधला एक जण वैतागून म्हणाला, "पोटातले कावळे ऐकू येतायत साहेब, जेवायची सुट्टी झालीय!" साहेबांनी मान तिरकी करून नीट ऐकलं आणि म्हणाले, "मला नाही आले." आम्ही पोट धरून हसलो. तेव्हा हसलो, एवढंच.

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. पिंपरीच्या एका कारखान्यात मी कार्डं पंच करायला होते. साहेब कसलाही प्रोग्राम लिहोत, तो कार्डांवर भोकं पाडून मशीनला भरवायचं काम माझं. आमचा कॉम्प्युटर तीन लोखंडी कपाटांएवढा. दिवसभर तो मालाचा हिशेब करायचा आणि पाच ते सहा सबनीस साहेबांचा असायचा. त्या तासात साहेब त्याला गायला शिकवत.

गायला म्हणजे गायलाच! चालू कॉम्प्युटरजवळ साधा ट्रान्झिस्टर ठेवला की रेडिओत खरखर येते. प्रोग्राममध्ये एकच काम किती वेळा आणि किती भरभर फिरवायचं हे बसवलं की त्या खरखरीचा सूर होतो. साहेबांकडे याचं एक इंग्रजी पुस्तक होतं, मेव्हण्यानं अमेरिकेहून पाठवलेलं. पुस्तक कसलं, झेरॉक्सची झेरॉक्स, त्यातून अकरा ते चौदा ही पानं गायब. काहीही बिघडलं की साहेब कपाळाला हात लावत, "अकरा ते चौदा! नेमकं त्यातच असणार हो!" मशीन अडलं, अकरा ते चौदा. सूर घसरला, अकरा ते चौदा. कँटीनचा चहा पांचट झाला तरी तेच.

शिवाय त्यांची एक वही होती, वैद्यबुवांच्या वहीसारखी. लक्षण, कारण, उपाय असे तीन रकाने. 'लक्षण: पंचम थरथरतो. कारण: शेजारच्या शेडमध्ये वेल्डिंग. उपाय: त्यांची चहाची सुट्टी गाठणे.' असल्या नोंदींची शंभर पानं भरलेली. आता हा माणूस काही संगीताचा मास्तर नव्हे. वीस वर्षं फोर्ज शॉपमध्ये, तापलं लोखंड ठोकणाऱ्या घणाघाती हॅमरशेजारी काढलेली, मग हिशेबाला पक्के म्हणून इकडे आणलेले. पण सुराचं वेड भारी.

त्यांना मशीनमधून तंबोरा काढायचा होता. तंबोरा नीट जुळला की तारांच्या वर एक बारीकसा गंधार तरंगतो. तो कुणी वाजवत नाही, आपला आपण येतो. साहेबांनी असा तंबोरा प्रोग्राममध्ये घातला, मी कार्डं पंच केली, घुलेनं मशीन सुरू केलं. हा घुले आमचा ऑपरेटर, चाकणकडचा, सकाळी कांद्याला पाणी देऊन शिफ्टला येणारा. रेडिओतून तंबोरा घुमायला लागला. साहेब डोळे मिटून ऐकत राहिले, मग उघडून म्हणाले, "गंधार काही येत नाही. येत नाही ना?"

मॅनेजर तिथेच उभे होते. त्यांना गंधार काय आणि गाढव काय, सारखंच. ते म्हणाले, "नाही बुवा." साहेब नाही म्हणतात, मॅनेजर नाही म्हणतात, मग माझीही मान आपोआप हलली. खरं तर मला काहीतरी बारीक ऐकू आलं होतं. पण म्हटलं, आपल्याला काय कळतंय!

तिथून तीन महिने शोध सुरू. वायर बदलली, रेडिओ बदलला, कार्डं चारदा पंच करवून घेतली. माझी बोटं मोडायची वेळ आली. एका संध्याकाळी जिन्यात घुले हळूच म्हणाला, "बाई, गंधार का काय ते येतंय की वो. पयल्या दिसापासनं येतंय. सायबालाच ऐकू येत न्हाई."

मी त्याला पायरीवरच अडवलं. "मग बोलला का नाहीस रे?"

"तुमी तरी कुटं बोलला?"

आता बोलायचं कुणी? सुरांसाठी जीव टाकणाऱ्या माणसाला तुमचे कान गेले म्हणून कुठल्या तोंडानं सांगायचं? आज सांगू, उद्या सांगू करत मी दिवस ढकलले. तेवढ्यात मॅनेजरनी फर्मान काढलं. खंडेनवमीला मशीनची पूजा, डायरेक्टर येणार. त्या दिवशी मशीन नीट गायलं तर ठीक, नाहीतर रेडिओ बंद आणि पाच ते सहाचा तासही बंद.

साहेबांनी जेवण सोडलं. डोळे खोल गेले. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पाच वाजता मी आत गेले तर ते टेबलावर कार्डांचा गठ्ठा घेऊन उभे. "बाई, सगळं मोडतो. मुळातच चुकलंय. पुन्हा पहिल्यापासून लिहितो." आणि पहिली दहा-बारा कार्डं त्यांनी टराटरा फाडली. चांगली, बिनचूक कार्डं! माझ्याच्यानं राहवलं नाही.

"साहेब, थांबा! गंधार येतोय."

त्यांचे हात थबकले.

"पहिल्या दिवसापासून येतोय. आम्ही खोटं बोललो."

त्यांनी घुलेकडे पाहिलं. घुलेनं खाली बघत सांगितलं, "व्हय सायेब."

साहेब खुर्चीत बसले. म्हणाले, "म्हणजे अकरा ते चौदात नव्हतं तर." मग जरा हसले. मला मात्र हसू येईना, रडूच यायला लागलं.

"घरच्या तंबोऱ्यातूनही येईना झाला होता," ते सांगू लागले. "म्हटलं तारा जुन्या झाल्या. बदलल्या. मग घोडी घासून जवारी काढून आणली. तरी नाही. म्हटलं, मशीन तरी खोटं बोलणार नाही." त्यांनी वही ओढली आणि लिहिलं. लक्षण: गंधार ऐकू येत नाही. कारण: कान. उपायाच्या रकान्यावर पेन टेकवून बसून राहिले, मग तो रकाना तसाच सोडून वही मिटली.

फाटलेली कार्डं मी तिथल्या तिथे पुन्हा पंच केली. खंडेनवमीला कपाटांना झेंडूच्या माळा, हळदकुंकू, आणि मशीन असं काही गायलं म्हणता! डायरेक्टरांनी टाळ्या वाजवल्या. साहेब मशीनकडे बघतच नव्हते. ते आमच्या तोंडांकडे बघत होते, गंधार कधी आला ते कळायला.

पेढे वाटून झाल्यावर मला म्हणाले, "बाई, आज घरी चला. आमच्या हिच्या गाण्याच्या क्लासचा तंबोरा लग्नापासून मी जुळवतो. तुम्ही ऐका. चुकत असलो तर तोंडावर खरं सांगा, उद्यापासून हात लावणार नाही. पण हिला कानांचं कळता कामा नये."

संत तुकाराम नगरात त्यांचं दोन खोल्यांचं घर. सतरंजीवर चार-पाच मुली वह्या घेऊन बसलेल्या. वहिनींनी माझं स्वागत केलं. साहेबांनी तंबोरा मांडीवर घेतला, खुंट्या पिळल्या, मणी सरकवले, कान लावून लावून जुळवला. मी ऐकत होते. तंबोरा साफ बेसूर होता, राव! मला नवखीलाही कळत होतं. आता या माणसाला काय सांगू? एकदा खोटं बोलून तीन महिने छळलंय, आता खरं बोलून जन्माचं काम काढून घेऊ?

"पाणी पिऊन येतो, मग सांगा," म्हणत ते आत गेले.

वहिनींनी तंबोरा जवळ घेतला. मुलीच्या वहीत डोकावत, 'काल कुठवर आलो होतो गं' विचारत त्यांनी एक खुंटी जराशी फिरवली, दोन मणी खाली ओढले. तंबोऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मुलीही वर बघेनात, त्यांना हे रोजचंच असावं. मग वहिनींची नजर माझ्यावर पडली आणि त्या क्षणभर थांबल्या.

साहेब पंचाऐवजी बाहीलाच तोंड पुसत बाहेर आले. "हं बाई. छेड गं तू. काय ऐकू येतंय? खरं सांगा."

वहिनींनी तारा छेडल्या. मी डोळे मिटले. गंधार आला होता, बारीक, स्वच्छ, अगदी माथ्यावर.

"गंधार येतोय, साहेब," मी म्हटलं. "शपथ."

साहेबांनी खांदे सोडले आणि भिंतीला टेकून बसले. वहिनींनी मान खाली घातली आणि समोरच्या मुलीला म्हणाल्या, "लाव गं सा."